गैरहजर बाईचं मत

राजापेठेत एका जिन्याच्या वर एक खोली होती आणि तिच्या दाराला चार पाट्या होत्या. सगळ्यांत वर डॉक्टरांच्या संघाची, मोठी, इंग्रजी अक्षरांची. तिच्याखाली वैद्यांची, मग औषधवाल्यांची, आणि अगदी खाली, येणाऱ्याच्या गुडघ्याला लागेल अशी, आम्हा खासगी नर्सबायांच्या मंडळाची. आत मात्र एकच टेबल, एकच टाइपरायटर आणि एकच माणूस. हा माणूस डॉक्टर नव्हता, वैद्य नव्हता, औषधं विकत नव्हता, आणि बाळंतपण म्हणजे काय हे त्याने भिंतीपलीकडून ऐकलं असेल तेवढंच. पण या चारही संघटनांच्या सभा तो बोलवायचा, ठराव लिहायचा, वर्गण्या गोळा करायचा, आणि कोणी सभासद वारला तर दुखवट्याचं भाषणही तोच लिहून द्यायचा. सगळे त्यांना सेक्रेटरी म्हणत. अहोजाहो करायची जी सवय लागली ती माझी आजही सुटत नाही. नाहीतर त्यांच्यासाठी माझ्याजवळ दुसरे शब्द होते, पण ते छापण्याजोगे नाहीत.

आमचं मंडळ आधी असं परक्याच्या हातात नव्हतं. आम्ही आठनऊ बाया होतो, सगळ्या सरकारी जनाना दवाखान्यात नाहीतर मिशनमध्ये शिकलेल्या, सर्टिफिकेटवाल्या, घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या. बहुतेक विधवा, एखादी टाकलेली, एखादी लग्नच न केलेली. मी धामणगावकडच्या शेतकरी घरातली, लग्न झालं आणि दोन वर्षांत कुंकू पुसलं, सासरी राबायचं की शिकायचं असा प्रश्न आला तेव्हा थोरल्या भावाने हिंमत केली आणि मला ट्रेनिंगला घातलं. हाताला काम आलं, पोटाला भाकर आली. पण एकट्या बाईचं काम ते, कोणी पैसे बुडवायचं, कोणी दारू पिऊन दारात उभं राहायचं, कोणी म्हणायचं तुमच्या हातून पोर दगावलं. म्हणून एकमेकींना धरून राहू असं ठरवलं आणि मंडळ काढलं. अध्यक्ष म्हणून आमच्यातली सगळ्यांत वडील बाई, मिशनमध्ये शिकलेली, पांढऱ्या साडीची आणि मोजकं बोलणारी. तिच्या ओसरीवर सभा भरायची.

सभा कसली! चटई टाकून बसायचं, चहाचं आधण ठेवायचं, आणि आधण उकळायच्या आत कोणाचा तरी दीर नाहीतर सासरा सायकलवरून धापा टाकत यायचा, "बाई, चला, कळा सुरू झाल्या." एक उठली की पाठोपाठ दुसरीचं बोलावणं. कळा काही सभेचा विषय संपेपर्यंत थांबत नाहीत. एकदा तर अध्यक्षबाई एकट्याच उरल्या आणि त्यांनी सगळा चहा शेजारच्या लेकरांना वाटून टाकला. तरी चाललं होतं आमचं. भांडत होतो, पण आपसात.

मग आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि आमच्या सर्टिफिकेटांचा कारभार नागपूरहून थेट मुंबईला. इंग्रजी पत्रं येऊ लागली. नावं पुन्हा नोंदवा, हा दाखला पाठवा, तो पाठवा, नाहीतर धंदा बंद. आमची पाचावर धारण बसली. इंग्रजी वाचायचं तर अध्यक्षबाईंना येत होतं, पण सरकारी इंग्रजी वाचून त्याही म्हणायच्या, "मला वाटतं हे रागावलेत, पण कशावर ते कळत नाही."

तेव्हा एका डॉक्टरांनीच सुचवलं. आमच्या संघाचं सगळं एक गृहस्थ पाहतात, आम्हाला काही करावं लागत नाही, तुम्हीही त्यांनाच देऊन टाका. आम्ही बाया जिना चढून गेलो. सेक्रेटरी उठून उभे राहिले, सगळ्यांना खुर्च्या दिल्या, कमी पडल्या त्या खालच्या दुकानातून आणवल्या. आम्हाला खुर्ची देणारा पुरुष तोवर आम्ही पाहिलाच नव्हता. आम्ही ज्या घरात जायचो तिथे आम्हाला मागच्या दाराने घेत आणि काम झालं की न्हाणीतलं पाणी दाखवत. इथे चहा आला, कपबशीतून आला. अर्धा करार त्या चहानेच झाला.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. मंडळाच्या वतीने सगळी पत्रं त्यांच्या सहीने जातील. आणि सभेतून जी बाई उठून जाईल किंवा येऊच शकणार नाही, तिचं मत त्यांच्या हाती राहील, ते तिच्या वतीने टाकतील. "तुमचा धंदाच असा आहे की तुम्हाला मध्येच उठावं लागतं," ते म्हणाले. "मग सभा मोडते, निर्णय राहतात. असं केलं तर गणसंख्येचा प्रश्न कायमचा मिटेल." आम्हाला वाटलं, काय हा शहाणा माणूस, आपली अडचण न सांगता ओळखली. डॉक्टरांकडे असा नियम नव्हता, वैद्यांकडे नव्हता. तो खास आमच्यासाठी शिवलेला होता, आणि आम्ही तो हौसेने अंगावर चढवला.

खोटं कशाला बोलू, पुढची काही वर्षं सुखाची गेली. मुंबईची पत्रं बंद झाली नाहीत, पण त्यांची उत्तरं जाऊ लागली. सगळ्यांची नावं नव्या राज्यात नोंदली गेली. दाराला लावायला पत्र्याच्या पाट्या आल्या, मंडळाच्या शिक्क्याच्या. सभेतून कोणी उठून गेली तरी सभा चालूच राहायची. तिच्या मताचं सेक्रेटरी काय करतात हे कोणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नसायचंच. उन्हाळ्यात सहल चिखलदऱ्याला न्यायची की नाही, एवढ्यावर मतं पडायची.

आता आमच्यातल्या एकीबद्दल सांगते. ती अकोल्याची. ट्रेनिंगला माझ्या शेजारच्या खाटेवर होती. बारीक अंगाची, काळीसावळी, हात मात्र लांब बोटांचे. मोठ्या नर्स म्हणायच्या की ही बोटं देवाने याच कामासाठी केली. ती म्हणायची, "देवानं नाई केली, माया मायनं केली." छप्पन सालानंतर तर तिच्या घरातून देव गेलेच. आईबाप, भाऊ, सगळे दीक्षा घेऊन आले होते. तिच्या घराण्यातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या गावाची बाळंतपणं करत आल्या होत्या, ते गावकीचं काम म्हणून, हुकमाने, आणि वर शिवाशिव. ही मात्र शिकून, सही करून, पांढरी साडी नेसून तेच काम करायला निघाली होती आणि त्यात तिचा सारा अभिमान होता. अकोल्यात तिने दोन खोल्या घेतल्या, दाराला पाटी लावली. पहिलं वर्ष फक्त तिच्या वस्तीतल्या बाया आल्या. मग हात चांगला म्हणून नाव झालं आणि नदीपलीकडच्या जुन्या शहरातून, मोठ्या घरांतूनही बोलावणी येऊ लागली. सभेसाठी ती अकोल्याहून पॅसेंजरने बडनेऱ्याला यायची, तिथून गाडी बदलून अमरावतीला, आणि बॅग कायम बरोबर. मी चिडवायची, "सभेले आली का बायतपनाले?" ती म्हणायची, "काई सांगता येते का वो? रस्त्यात कोनी अडली तं?"

एका उन्हाळ्यात जुन्या शहरातल्या एका मोठ्या घरी तिला बोलावलं. पहिलटकरीण, पोर आडवं. तिने हात लावला आणि सांगितलं, हे माझं काम नाही, डॉक्टरला बोलवा, आत्ता. घरच्यांनी माणूस पाठवला. डॉक्टर एका लग्नाच्या पंगतीला बसले होते. येतो म्हणाले. ती त्या बाईजवळ बसून राहिली, धीर देत राहिली, पुन्हा माणूस पाठवायला लावला. डॉक्टर आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि त्या बाईत काही उरलं नव्हतं. पोर गेलं, संध्याकाळी आईही गेली. घर मोठं होतं, ओळखीपाळखीचं होतं. कोणीतरी दोषी पाहिजे होतं. डॉक्टर म्हणाले, नर्सने उशिरा कळवलं. घरच्यांनीही तेच धरलं, कारण डॉक्टर त्यांच्या पंगतीतला होता आणि हिला त्यांनी पाणीसुद्धा वरून ओंजळीत दिलं होतं.

पुढे काय झालं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. सेक्रेटरींनी आम्हाला तातडीची सभा म्हणून बोलावलं. आम्ही बसलो. त्यांनी टेबलाच्या डाव्या खणातून एक बंद लखोटा काढला, आमच्यासमोर फोडला, चष्मा लावला आणि गंभीर होऊन वाचू लागले. पत्र डॉक्टरांच्या संघाचं होतं. तुमच्या मंडळाच्या अकोल्याच्या सभासदाने हलगर्जीपणा केला, तिला मंडळातून काढावं आणि मुंबईला तसं कळवावं, अन्यथा आमचे डॉक्टर तुमच्या कोणत्याही नर्सच्या बोलावण्याला येणार नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाब गंभीर आहे."

मी विचारलं, "हे पत्र कोणी लिहिलं?"

"डॉक्टरांच्या संघाने."

"टाइप कोणी केलं?"

"संघाचा सेक्रेटरी या नात्याने मीच करतो."

"म्हणजे तुम्हीच लिहिलं, तुम्हीच पाकिटात घातलं, तुम्हीच या खणातून काढून फोडलं?"

त्यांना राग आला नाही. ते कधी रागवायचे नाहीत, हाच त्यांचा वाईट गुण. "बाई, पत्र लिहिलं तेव्हा मी त्यांचा होतो. वाचलं तेव्हा तुमचा. मी कोणाचीच बाजू घेत नाही." आणि खरंच तसं त्यांना वाटत होतं. त्या माणसाला मी पुष्कळदा न्याहाळलं आहे, त्यांना आपल्यात काही वाकडं आहे असं कधी वाटलं नाही.

मी म्हटलं, मग आमचं उत्तर पाठवा. डॉक्टर पंगतीत जेवत होता हे लिहा. ते म्हणाले, असा आरोप पुराव्याशिवाय करता येत नाही, आणि मंडळाने काही ठरवल्याशिवाय मला लिहिता येत नाही. म्हणजे आमचं तोंड त्यांच्याकडे, आणि उघडायचं कधी हेही तेच सांगणार. ती कोपऱ्यात बसली होती, आम्ही तिला विचारलं तर तिने जे घडलं ते सगळं सांगितलं, एका सुरात, कोणाला शिवी न देता. मग पुढच्या सभेत मत घ्यायचं ठरलं.

मधल्या दिवसांत आम्हा बायांमध्ये दोन तट पडले. डॉक्टर आले नाहीत तर आपलं काय, ही भीती सगळ्यांनाच होती, मलाही. अवघड केस आली आणि डॉक्टरने पाठ फिरवली तर आपल्या हातून बाया मरतील. ही भीती खरी होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण काहींच्या बोलण्यात दुसरंही काही होतं. "तिची जातच तशी, निष्काळजी," असं एक जण मला बाजारात म्हणाली. मी भर बाजारात तिला जे सुनावलं त्यानंतर तिचं मत आमच्याकडे येण्याची उरलीसुरली आशाही संपली. अध्यक्षबाई आमच्या बाजूने होत्या. मी होते, आणखी दोघी होत्या. समोर चौघी. आणि ती स्वतः. सेक्रेटरींनीच आधी खुलासा केला होता की ती अजून सभासद आहे, तिला मत देता येईल. म्हणजे तिच्याच मताने ती वाचणार होती. एका मताने का होईना. मी देवाला हात जोडले, तिने जोडले नसते म्हणून तिच्या वाटचेही.

सभेच्या दिवशी ती सकाळच्या गाडीने आली. माझ्याकडे जेवली, म्हणजे भाकरी मोडून ठेवली. जिना चढताना म्हणाली, "ताई, हे गेलं तं माया जवळ काईच नाई राहत." मी म्हटलं, "जात नाई. गिनती बरोबर हाये." तिने मान हलवली. बॅग तिच्या हातात होतीच.

सभा सुरू झाली. सेक्रेटरींनी विषय वाचला, पत्र पुन्हा वाचलं, चहा मागवला. अध्यक्षबाई बोलायला उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक हमाल, अंगावर कापसाचे तंतू, दारात उभा. त्याची बायको रुळापलीकडच्या झोपड्यांत अडली होती. पोराचा पाय बाहेर आला होता. नर्सबायांची मीटिंग आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून तो धावत इथे आला होता.

खोलीत सगळ्याजणी नर्स, आणि कोणी हलेना. पाय बाहेर आलेलं पोर म्हणजे काय ते प्रत्येकीला ठाऊक होतं. पण आपण उठलो तर आपलं मत जातं, हेही दोन्ही बाजूंच्या बायांना त्या दिवशी बरोबर आठवलं. मी अर्धी उठले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तुमी बसा. मी चालली."

"अवं, तुयीच सभा हाये न ही!"

"बाई अडली हाये, ताई. मत काय पयून चाल्लं का? मायं मत मायाच बाजूनं, थे तं साऱ्याइले मालूम हाये." मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाली, "लिहून घ्या साहेब."

सेक्रेटरी म्हणाले, "नोंद घेतो, बाई." आणि त्यांनी खरंच काहीतरी लिहिलं. ती बॅग घेऊन हमालाच्या मागे जिना उतरून गेली. बॅगेतल्या भांड्याचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

आम्ही थांबायला हवं होतं, ती येईपर्यंत सभा तहकूब करा असं अध्यक्षबाई म्हणाल्यासुद्धा. सेक्रेटरींनी नम्रपणे सांगितलं की आपल्या नियमाप्रमाणे कोणी उठून गेल्याने सभा थांबत नाही, आपणच तो नियम केला आहे, आणि डॉक्टरांच्या संघाला आज उत्तर द्यायचं आहे. मग हात वर करायला सांगितलं. चार हात इकडे, चार हात तिकडे. आमच्या समोरच्या चौघींपैकी एकीने हात वर केला तेव्हा डोळे मिटले होते, ते मी पाहिलं.

"समसमान," सेक्रेटरी म्हणाले. "उठून गेलेल्या सभासदाचं एक मत माझ्याकडे आहे."

मी म्हटलं, "ते तिच्या बाजूचं आहे. ती सांगून गेली."

"सांगून गेल्या, त्याची नोंद मी घेतली आहे. पण लेखी नियम असा आहे की गैरहजर सभासदाचं मत सेक्रेटरीने मंडळाच्या हिताप्रमाणे टाकायचं. सभासदाच्या हिताप्रमाणे नव्हे." त्यांनी चष्मा पुसला. "डॉक्टर येणं बंद झालं तर तुम्हा सगळ्यांचं नुकसान आहे. मंडळाचं हित मला स्पष्ट दिसतं. मी हे मत ठरावाच्या बाजूने टाकतो."

अध्यक्षबाई पहिल्यांदाच ओरडल्या. काय ओरडल्या ते इंग्रजीत होतं. मी टेबलावर हात आपटला, कप पडला, चहा त्यांच्या कागदांवर सांडला. त्यांनी शांतपणे टिपकागद लावला. समोरच्या चौघींना आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल, तर तसं नव्हतं. त्यांनाही हे असं नको होतं. एक जण रडू लागली. पण ठराव झाला होता. आमच्यापैकी कोणी तो मोडू शकत नव्हतं, कारण मोडायचा तर सभा पाहिजे, आणि सभा बोलवायचा अधिकारही जिन्यावरच्या त्या खोलीकडे होता.

आम्ही कोणीच घरी गेलो नाही. तशाच बसून राहिलो, तिची वाट पाहत. मेलेल्या माणसाच्या घरी बसतो तसं.

ती आली तेव्हा साडीला रक्त लागलं होतं आणि चेहरा उजळला होता. जिन्यातूनच बोलत आली. "पोरगी झाली! पायाळू! मान अटकली होती, पन निंघाली. रडली कशी म्हनता, साऱ्या झोपड्या जाग्या केल्या तिनं." दारात येऊन तिने आमच्याकडे पाहिलं आणि बोलणं थांबवलं. बॅग अजून हातातच होती.

"काय झालं?"

सांगणार कोण? शेवटी सेक्रेटरींनीच उभं राहून सांगितलं. ते काम त्यांनी टाळलं नाही, एवढं त्यांच्या पदरात घालते. ठराव एका मताने मंजूर झाला.

"एका मतानं? कोनाच्या?"

त्यांनी टेबलावरचे ओले कागद सरळ केले. मग म्हणाले, "आपल्याच, बाई. नियमाप्रमाणे ते माझ्याकडे आलं होतं."

तिला कळायला वेळ लागला. ती एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती, हिशेब लावत होती, आणि हिशेब लागला तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता यायचं नाही. "म्हंजे मीच मले काहाडलं?" ती म्हणाली. मोठ्याने नाही. खरंच विचारत होती.

"तांत्रिकदृष्ट्या तसं म्हणावं लागेल," सेक्रेटरी म्हणाले.

मी तिला स्टेशनवर पोचवायला गेले. वाटेत एकच गोष्ट बोलली. त्या हमालाच्या बायकोला टाका घातला आहे, तो पाहायला उद्या मला जाता येणार नाही, तुमी जाऊन या, आणि तिला आठ दिवस वजन उचलू देऊ नका. मी हो म्हटलं. गाडीत बसल्यावर तिने बॅग मांडीवर घेतली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून रडले, लाज न बाळगता.

मुंबईला पत्र गेलं. तिकडून तिच्या नावाची नोंद रद्द झाल्याचं उत्तर आलं. आमच्याच मंडळाने लिहिल्यावर ते कशाला चौकशी करतील? आम्ही तो नियम काढून टाकण्यासाठी सभा मागितली. ती भरली, पण दोघी बाळंतपणाला गेल्या होत्या, एक आजारी होती, आणि त्यांची मतं सेक्रेटरींकडे होती. नियम कायम राहिला. अध्यक्षबाईंनी त्या दिवशी राजीनामा दिला. डॉक्टर मात्र बोलावलं की येत राहिले, येतील तेव्हा.

अकोल्याला जायला मला जमलं ते दिवाळीनंतर, कापसाच्या दिवसांत. तिच्या दारावर पाटीचे खिळे तेवढे होते. आई म्हणाली, "थे जिनिंगमंधी जाते." मी जिनिंगमध्ये गेले. शेडमध्ये बाया ओळीने बसून कापूस निवडत होत्या, हवेत तंतू उडत होते, बोलायला तोंड उघडलं की घशात जात होते. ती मला पाहून उठली, आम्ही भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिलो. वाळली होती. मी विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, बरी. मग तिने स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली.

"मांगच्या पंधरवड्यात इथंच एक बाई अडली, ताई. माया बाजूले बसत होती. कापसाच्या ढिगावरच पडली."

"मग?"

"बाया म्हने, तुमी नर्स हायेत न, पाहा न. माये हात पुढं गेलते. मंग आठोलं. त्याच डॉक्टरनं सांगून ठेवलं हाये, पुन्हा कोन्या बाईले हात लावला तं जेलात टाकीन म्हनून. मायले कोन पाहीन मंग? मुकादमानं डॉक्टरकडं मानूस धाडला." तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक धरून मला दाखवले. "अशी उभी राह्यली मी. सारं पाहात."

डॉक्टर कधी आला ते मी विचारलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय करा लागत होतं थे मले मालूम होतं, ताई. थोडंच करा लागत होतं."

आतून मुकादमाने तिला हाक मारली आणि ती आत गेली.